आजी-सायकल

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. २०२४ च्या मे महिन्यात मी लेकीकडे हॉलंडला गेले होते, हे बहुतेकांना माहीत आहे. आल्यावर "ट्युलिपच्या बागेबद्दल लिही", "पवनचक्क्या पाहिल्यास का" अशा फर्माइशी झाल्या. बाग पाहिली, फार सुंदर आहे, आणि तिचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले असतीलच. मला सांगायचंय ते वेगळंच. वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी तिथे सायकल शिकले.

"शिकले" हा शब्द जरा मोठा झाला. कुठवर शिकले ते पुढे येईलच. पण माझ्या वयाच्या बाईला असा शब्द वापरायची संधी फारशी मिळत नाही, तेव्हा तो मी काही खोडणार नाही.

आधी मला सायकल का येत नव्हती ते सांगते. माझं माहेर वाईचं. १९६३ साली मी अकरा वर्षांची होते. घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याने सायकली देणारं एक दुकान होतं. तासाला दोन आणे. नवे पैसे येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण दुकानदार आण्यातच बोलायचा. आमचा दादा तिथून सायकल आणायचा आणि मेणवलीच्या रस्त्याला नेऊन चालवायचा. सीटवर बसलं की पाय पोचत नसत, म्हणून नळीच्या खालून पाय घालून, कमरेत वाकडा होऊन. मी मागून पळायचे. एका रविवारी त्याने मला बसवलं. चार हात गेले असेन नसेन, आडवी झाले. गुडघा फुटला आणि परकर फाटला. गुडघा लपवता येतो, परकर लपवता येत नाही!

अण्णांनी मारलं वगैरे नाही, त्यांचा तो स्वभावच नव्हता. ते शांतपणे एवढंच म्हणाले, "उद्या हातपाय मोडला तर निस्तरायचं कोणी?" आणि दादाला सांगितलं की हिला पुन्हा सायकलवर बसवायचं नाही. विषय संपला. काळच तसा होता म्हणावं, तर आमच्या वर्गातल्या दोघी-तिघी चालवत होत्याच. तेव्हा काळाला दोष देऊन मोकळं होता येत नाही. मीही पुन्हा विचारलं नाही, हेही खरं.

पुढे लग्न होऊन सांगलीला आले. हे आणि मी एकाच शाळेत, हे गणिताला आणि मी मराठीला. ह्यांची एक काळी हर्क्युलस सायकल होती. तिच्या कॅरिअरवर एका बाजूला दोन्ही पाय सोडून, मांडीवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन, मी कितीतरी वर्षं डबलसीट शाळेत गेले. ह्यांनी मला शिकवायचं तीनदा मनावर घेतलं. पहिल्यांदा लग्नानंतर लगेच. मी म्हटलं, "सासूबाई काय म्हणतील?" मग मुलगी शाळेत जायला लागल्यावर. मी म्हटलं, "वर्गातल्या पोरांनी बघितलं तर?" शेवटी मी २०१० मध्ये निवृत्त झाले तेव्हा. "पहाटे पाचला नदीकाठी जाऊ, कुत्रंसुद्धा बघणार नाही," म्हणाले. मी म्हटलं, "आता ह्या वयात?" तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला, तेव्हा ती सायकल कितीतरी दिवस पाण्याखाली होती. चिखल धुऊन काढला, पण चेन आणि बेअरिंगं गेली ती गेलीच. भंगारवाल्याने वजनावर नेली. २०२२ च्या जानेवारीत हे गेले. असो.

तर हॉलंड. लेक राहते ते अ‍ॅमस्टेलवेन गाव अ‍ॅमस्टरडॅमला चिकटूनच आहे, आणि तिथे आपली माणसं इतकी की दुकानात कढीपत्त्याची जुडी उचलताना मागून "अहो, जरा सरकता का?" असं शुद्ध मराठीत ऐकू येतं. तिथल्या सायकलींबद्दल ऐकून होते, पण पाहिल्यावर तोंडात बोट गेलं. त्या देशाची वस्ती सुमारे १ कोटी ८० लाख आणि सायकली २ कोटी ३० लाखांच्या आसपास. माणसांपेक्षा सायकली जास्त! सूटबूट घातलेले साहेब, पुढे एक नि मागे एक पोर बसवलेल्या आया, आणि सगळ्यात मला खुपल्या त्या आज्या. माझ्याहून मोठ्या, पांढऱ्या केसांच्या, पाठीचा कणा ताठ, एका हातात छत्री! खिडकीत चहा पीत बसलं की समोरच्या तांबड्या रस्त्यावरून त्या एकामागून एक जात. सायकलींचे रस्ते तिथे वेगळे आणि बहुतेक तांबड्या डांबराचे असतात.

मला वाटत होतं, हे सगळं त्या लोकांच्या रक्तातच असणार. लेकीच्या शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई राहतात, एकट्याच. त्यांच्या मोडक्या नि माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीत आमची बरी गट्टी जमली. त्या म्हणाल्या, "छे, हे रस्ते आम्ही भांडून मिळवलेत." युद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकलींना कोणी विचारेना. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसं मेली. त्यात ४०० हून जास्त मुलं होती. मग "मुलांची हत्या थांबवा" या नावाने चळवळ उभी राहिली, आया रस्त्यात येऊन बसल्या, १९७३ मध्ये तेलाचा तुटवडा आला, आणि हळूहळू सरकारने धोरण बदललं. बाई तेव्हा तिशीच्या आतल्या, कडेवर पोर. हे त्या बिस्किट चहात बुडवत सांगत होत्या, जशी मी १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगावी तशी.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही चालवत का नाही?" मी खरं सांगितलं. त्या उठून त्यांच्या शेडमध्ये गेल्या आणि एक जुनी काळी सायकल ढकलत घेऊन आल्या. मधली नळी नाही, सीट रुंद, हँडल असं वळलेलं की पाठ सरळ राहावी. या प्रकारच्या सायकलीला डच भाषेत "ओमाफीट्स" म्हणतात. ओमा म्हणजे आजी. आजी-सायकल! आता याला नाही कसं म्हणणार?

पहिला प्रयत्न जावयांनी केला. सीट मागून धरून पळायचं आणि मध्येच सोडून द्यायचं, ही आपल्याकडची पद्धत. ते पळत होते, मी ओरडत होते आणि नात व्हिडिओ काढत होती. तेवढ्यात लेक कामावरून आली. "आई, उतर आधी."

स्वयंपाकघरात जे झालं ते सांगू की नको असं वाटतंय, पण सांगतेच. तिने माझ्या हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. हाडं ठिसूळ व्हायला लागली आहेत असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. "पडलीस आणि खुबा मोडला तर? नव्वद दिवसांच्या व्हिसावर आली आहेस. इथे निस्तरायचं कोणी?"

निस्तरायचं कोणी! एकसष्ट वर्षांनी तोच शब्द. मला हसूच आलं, आणि मी हसले म्हणून ती आणखी भडकली. मग मी तिला वाईची, अण्णांची ती गोष्ट सांगितली. वाटलं होतं, विरघळेल. ती म्हणाली, "आजोबा चुकले असतील. मी चुकत नाहीये."

आणि खरं सांगू का, ती चुकत नव्हती. बहात्तराव्या वर्षी खुबा मोडणं म्हणजे काय, हे मी आमच्याच गल्लीत दोघींच्या बाबतीत पाहिलं आहे. अकरा वर्षांच्या पोरीला नाही म्हणणं आणि म्हातारीला नाही म्हणणं एक नव्हे. पण नाही ऐकून घेणारी मी मात्र तीच होते. त्या रात्री आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

तोडगा शेजारणीने काढला. तिकडे दोन-तीन वर्षांच्या मुलांना बिनपायडलच्या छोट्या सायकली देतात. पाय जमिनीला टेकवत, ढकलत जायचं. तोल आधी येतो, पायडल नंतर. बाई म्हणाल्या, आजींनाही तसंच शिकवू. सीट अगदी खाली घ्यायची, दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, आणि पायडलं काढून ठेवायची. लेकीने तीन अटी घातल्या. हेल्मेट घालायचं, हातमोजे घालायचे आणि मोटारींच्या रस्त्यावर जायचं नाही. हेल्मेट तिथे सक्तीचं नाही आणि साध्या सायकलीवर जवळपास कोणीच घालत नाही. पुढचे दोन महिने त्या भागात हेल्मेट घालून ताशी चार किलोमीटरने जाणारी मी एकटीच होते!

पायडलं काढायला जावई पाना घेऊन बसले. उजवं निघालं. डावं काही केल्या निघेना. जितका जोर लावावा तितकं घट्ट. जावई इंजिनिअर आहेत बरं का. मी म्हटलं, "अहो, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. दुसऱ्या बाजूला फिरवा." फिरवलं आणि निघालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. ह्यांच्या बाजूला पाटावर बसून मी वर्षानुवर्षं त्यांच्या हातात पाने दिले आहेत, त्यातलं एवढं डोक्यात राहिलेलं होतं. मला स्वतःलासुद्धा ठाऊक नव्हतं की मला हे ठाऊक आहे.

शाळा भरायची ती "अ‍ॅमस्टरडॅमसे बोस" मध्ये. बोस म्हणजे डच भाषेत रान, आपल्या नेताजींचा काही संबंध नाही. हे रान माणसांनी लावलेलं आहे. १९३४ पासून, मंदीच्या काळात, बेकार लोकांना काम मिळावं म्हणून ते हाताने खणून, झाडं लावून तयार केलं. आपल्याकडच्या रोजगार हमीसारखंच म्हणा ना. जवळपास हजार हेक्टर आहे आणि बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली. त्यात होड्यांच्या शर्यतींसाठी दोन किलोमीटरहून लांब, पट्टीने आखल्यासारखा सरळ कालवा आहे. डोक्यावरून दर दोन-चार मिनिटांनी विमान जातं, कारण विमानतळ शेजारीच. मे-जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो. आम्ही जेवण करून आठला जायचो, तेव्हा वर्दळ कमी. शिक्षिका दोघी, अकरा वर्षांची नात आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या शेजारीणबाई.

पाय ढकलत जायचं, वेग आला की दोन्ही पाय उचलायचे आणि जितका वेळ राहता येईल तितका वेळ राहायचं. मोजायचं कसं? आकडे म्हणताना माझी जीभ अडखळायला लागली. मग आपोआप तोंडात आलं ते वृत्तं शिकवताना हजारो वेळा घोकून घेतलेलं "यमाताराजभानसलगम्". पहिल्या दिवशी "य मा" झालं की पाय खाली. दुसऱ्या दिवशी "ता". नातीला ही भानगड काय ते कळेना, पण तिने लगेच पाठ केलं आणि ओरडायला लागली, "आजी, आज 'भा' पर्यंत!" जाणारे-येणारे डच लोक बघायचे. बघू देत. हेच वाक्य म्हणायला मला बहात्तर वर्षं लागली.

नवव्या दिवशी "सलगम्" पुरतं झालं. तोल सावरण्याची गंमत अशी की ज्या बाजूला पडतोय असं वाटतं, त्याच बाजूला हँडल वळवावं लागतं. मन उलट सांगत असतं. चाकं पडणाऱ्या अंगाखाली जाऊन उभी राहतात आणि आपण वाचतो. जावयांनी सांगितलं की सायकल उभी का राहते यावर तिथल्याच डेल्फ्टच्या विद्यापीठातले आणि अमेरिकेतले संशोधक मिळून काम करत होते, आणि पुस्तकांत वर्षानुवर्षं दिलेली दोन कारणं नसली तरीही सायकल स्वतःला सावरू शकते, हे त्यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे हा विषय मोठ्या लोकांनाही अवघड गेलेला आहे तर! मला बरं वाटलं.

नातीचा एक नियम होता. "खाली बघू नको आजी. खांबाकडे बघू नको. ज्याच्याकडे बघशील त्याच्यावर जाशील." मोटारी शिरू नयेत म्हणून सायकलच्या वाटेवर मध्येच खांब असतात. अख्खी वाट मोकळी आणि खांब एक, पण माझे डोळे त्या एकावर आणि चाकही त्याच्यावर. एकदा मात्र खांब नव्हता, पिल्लं घेऊन वाटेत बसलेली हंसांसारखी मोठी करडी गीज होती. बाप गीज मान लांब करून फिस्कारला. मी घाबरून हँडल फिरवलं ती थेट कडेच्या झुडपात. हाडं शाबूत राहिली, पण झुडूप आपल्या खाजकुयलीच्या भावकीतलं निघालं. दोन्ही हातांवर गांध्या. घरी गेल्यावर जूनच्या उकाड्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालून जेवायला बसले. नातीने तोंड उघडलं नाही. पोरगी विश्वासाची आहे.

मग पायडलं परत लावली, आणि सगळं मुसळ केरात.

तोल येत होता, पायडल मारता येत होतं, पण दोन्ही एकदम येईना. त्यात त्या सायकलीला हाताचा ब्रेक नाही. पायडल मागे फिरवलं की ब्रेक लागतो. सुरुवात करताना पायडल वर आणायला मी सवयीने मागे ढकलायची आणि सायकल जागच्या जागी अडायची. असे सलग पाच दिवस गेले. मी रडकुंडीला आले. नात बिचारी दर वेळी म्हणायची, "सोप्पं आहे आजी, नीट बघ, मी करून दाखवते," आणि भुर्रकन् जाऊन यायची. पाचव्या दिवशी मी सायकल गवतावर टाकली आणि म्हटलं, "कळतंय गं मला. पण येत नाहीये."

म्हटलं, आणि बाकावर जाऊन बसले. कारण ते वाक्य माझं नव्हतं.

सातवीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. साल १९८८ च्या आसपास. बोलण्यात हुशार, गोष्ट सांगायला लागला तर वर्ग गप्प होऊन ऐकायचा. पण धडा मोठ्याने वाचायला उभं केलं की संपलं. एका ओळीत चारदा अडायचा. मी म्हणायची, "सोपं तर आहे. नीट बघ." एक दिवस तो म्हणाला, "बाई, दिसतंय, पण येत नाही." वर्ग हसला. मला वाटलं, उलट उत्तर देतोय. मी त्याला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. त्यानंतर वर्षभर त्याला वाचायलाच सांगितलं नाही, आणि ते मी त्याच्यावर दया म्हणून करते आहे असं समजत होते. वर्ष संपल्यावर त्याचे वडील येऊन दाखला घेऊन गेले. दाखल्यावर वर्गशिक्षकाची सही माझी आहे. अभ्यासातील प्रगती : साधारण. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांचा अर्ज.

"तारे जमीं पर" पाहून आम्ही दोघं थिएटरमधून बाहेर येत होतो, २००८ च्या सुरुवातीला. माझा रुमाल ओला झालेला. हे सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाले, "तो तुझ्या वर्गातला मुलगा आठवला का गं?" मी म्हटलं, "कुठला?" ह्यांनी नाव सांगितलं. मी म्हटलं, "छे, त्याचा काय संबंध," आणि कॅरिअरवर बसले. घरी येईपर्यंत हे काही बोलले नाहीत.

त्या मुलाला नेमकं काय होत होतं ते मी आज सांगू शकत नाही. पण त्याने मला जे सांगितलं होतं त्यात उद्धटपणा नव्हता. ती माहिती होती. छत्तीस वर्षं नोकरी केली, आणि या माहितीचा अर्थ मला परदेशात गवतावर पडलेल्या सायकलीपुढे कळावा!

नात जवळ येऊन बसली. "रडतेस?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही गं, माशी गेली." शेजारीणबाई थोडा वेळ कालव्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, आज चालवायचं नाही. आज फक्त निघायचं. उजवं पायडल वर, थोडं पुढे झुकलेलं. सायकल जरा उचलून मागचं चाक फिरवायचं म्हणजे ते तिथे येतं. एक दाब द्यायचा, पुढे सरकायचं आणि लगेच थांबायचं. पुन्हा तेच. पंचवीसदा. दुसरं पायडल मारलंत तर मी रागावेन.

पंचवीसदा फक्त निघाले. दुसऱ्या दिवशी फक्त दोन पायडलं. मी त्या पोराला कधी एकच ओळ दिली नव्हती. दिला तो अख्खा धडा.

१९ जूनला, रात्री नऊच्या उजेडात, कालव्याच्या कडेच्या सरळ वाटेवर सायकल सुटली. दुसरा शब्द नाही, सुटलीच. पाय आपोआप फिरत होते. "यमाताराजभानसलगम्" एकदा झालं, दोनदा झालं, मग मी मोजायचं विसरले. कानात वारा. बाजूने होडीवाल्या पोरी वल्ही मारत जात होत्या आणि काही अंतर मी त्यांच्या पुढे होते!

एक गोष्ट फार विचित्र वाटली. आयुष्यभर मी सायकलवरून जे पाहिलं ते आडवं. एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई दुकानं, कुंपणं, माणसं बाजूने सरकताना बघते, आणि कानाशी ह्यांच्या शर्टाची पाठ. समोर काय आहे ते ह्यांनाच दिसायचं. त्या दिवशी रस्ता पहिल्यांदा समोरून आला. मध्ये कोणाची पाठ नव्हती. थांबायचं कसं ते ऐन वेळी आठवेना, ते सोडा. शेवटी गवतात गेले आणि उभी राहिले. नात धावत येऊन गळ्यात पडली. शेजारीणबाईंनी फक्त अंगठा दाखवला. डच लोक फार बोलत नाहीत.

आता प्रामाणिकपणे सांगते, काय येत नाही ते. हात दाखवून वळता येत नाही. एक हात सोडला की हँडल लटपटतं. म्हणून वळण आलं की उतरायचं, चालत वळायचं आणि पुन्हा चढायचं. रस्त्यावर पांढरे त्रिकोण असतात, त्यांना तिथे शार्कचे दात म्हणतात. टोकं आपल्याकडे असली तर आपण थांबायचं. ते नातीने मला घोकून घेतलं. तिची शाळेत वाहतुकीची परीक्षा झालेली आहे, त्यामुळे तिच्यापुढे चालत नाही.

लेकीला सगळं ठाऊक होतंच. स्वेटरचंही. परतीच्या आदल्या रविवारी ती म्हणाली, "चल, त्या रानातल्या शेळ्यांच्या फार्मवर जाऊ." मी म्हटलं, "बसने?" ती म्हणाली, "बस कशाला?" आणि माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढून घट्ट केला. जरा जास्तच घट्ट. नात पुढे, मी मध्ये, लेक मागे. वाटभर मागून आवाज येत होता, "आई, उजवीकडे राहा. आई, हळू. आई, पुढे खांब आहे." खांब मी चुकवला. फार्मवर शेळीच्या दुधाचं आइस्क्रीम खाल्लं. चव मला काही फारशी कळली नाही, पाय थरथरत होते. येताना मागून आवाज जरा कमी आला.

सांगलीला आल्यावर दादाला फोन केला. तो आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याची सायकल बंद आहे. मी सगळं सांगितलं, गांध्यांसकट. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाला, "मेणवलीपर्यंत डबलसीट नेशील का मला?"

मी म्हटलं, "इतक्यात नाही. आधी एक हात सोडून वळता येऊ दे."